हवामानाच्या चौकटीत अतिनील निर्देशांकही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज हवामानाची चौकट असते. कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता, सूर्योदय, सूर्यास्त. तिथे आणखी एक आकडा यावा, एवढ्यासाठी हे पत्र. तो आकडा म्हणजे त्या दिवसाचा कमाल अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा. मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर तो ‘यूव्ही इंडेक्स’ या नावाने दिसतो. मागणी एका ओळीची आहे, पण तिच्यामागचे कारण एका ओळीत मावणारे नाही, म्हणून पत्र लांबले आहे.

त्वचेला उन्हापासून कसे जपावे यावर उन्हाळा लागला की बरेच लिहून येते. त्यातल्या बहुतेक लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ऊन चटकते तेव्हा ते त्वचेला बाधते, चटकत नाही तेव्हा बाधत नाही. प्रत्यक्षात चटका बसतो तो अवरक्त आणि दृश्य किरणांच्या उष्णतेचा, डोळे दिपतात ते दृश्य प्रकाशाने. त्वचेला अकाली म्हातारपण आणणारे अतिनील किरण ना डोळ्यांना दिसतात, ना अंगाला जाणवतात. तापमापकावरून त्यांचा अंदाज बांधताच येत नाही. हवा गार, वारा सुटलेला, आकाश निरभ्र, अशा डोंगरमाथ्यावर ते मैदानातल्या उकाड्याच्या दुपारपेक्षा जास्त असू शकतात. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली उतरतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो, कोरडी वाळू १५ टक्के, समुद्राचा फेस २५ टक्के. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या तुलनेत ४० टक्के अतिनील किरण असतात, म्हणून पोहणाऱ्याची पाठ गार पाण्यात असूनही भाजून निघते आणि ते संध्याकाळी कपडे घालताना कळते.

अतिनील किरणांतले ‘सी’ गटाचे किरण वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन पूर्णपणे शोषून घेतात, त्यांची काळजी नको. ‘बी’ गट २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि ‘ए’ गट ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा ‘ए’चा असतो. ‘बी’ किरण त्वचेच्या वरच्या थरातच अडतात. त्वचा लाल होणे, भाजणे, सोलणे आणि पेशींच्या डीएनएमध्ये थेट बिघाड होणे हे मुख्यतः त्यांचे काम. ते दुपारी फार तीव्र असतात, सकाळ-संध्याकाळ बरेच ओसरतात आणि साध्या काचेने जवळजवळ अडतात. ‘ए’ किरण मात्र खोल, आतल्या थरापर्यंत जातात. दिवसभरात आणि वर्षभरात त्यांच्यात होणारा चढउतार ‘बी’च्या मानाने कमी असतो. खिडकीच्या काचेतून ते आत येतात. आणि ते भाजत नाहीत, त्यामुळे सावध करणारी कोणतीही खूण मिळत नाही.

आतल्या थरात काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यावरच पुढचा सगळा उपाय बेतलेला आहे. त्वचेचा ताठपणा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर टिकलेला असतो. अतिनील किरणांमुळे पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, त्यांच्यामुळे कोलॅजन तोडणारी विकरे (एन्झाइम) वाढतात आणि त्याच वेळी नवे कोलॅजन बनण्याचा वेग मंदावतो. तुटलेले धागे दुरुस्त होतात, पण पहिल्यासारखे नाही, आणि असे हजारो वेळा झाले की त्याची सुरकुती बनते. लवचीकपणा देणाऱ्या इलॅस्टिनचे वेगळेच होते: त्याचे वेडेवाकडे गठ्ठे साचतात, त्वचा जाड, पिवळसर आणि खरबरीत दिसू लागते. मानेच्या मागे खोल चौकटींसारख्या रेघा पडतात त्या यातूनच. वय आणि ऊन यांचा वाटा वेगळा करून पाहायचा असेल तर एकाच माणसाच्या दंडाची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींचे वय एकच असते.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या एका छायाचित्रात आहे. ६९ वर्षांचा एक मालवाहू गाडीचा चालक, २८ वर्षे तेच काम. चेहऱ्याची जी बाजू गाडीच्या खिडकीकडे असायची त्या बाजूला खोल सुरकुत्या, जाड लोंबती त्वचा. दुसरी बाजू कितीतरी वर्षांनी तरुण. हे नुकसान मुख्यतः काचेतून आलेल्या ‘ए’ किरणांनी केलेले. गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती बहुतेक ‘ए’ किरण अडवते. बाजूच्या काचा सहसा तशा नसतात. खिडकीशेजारी रोज तासन्‌तास बसून काम करणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. अशा काचेवर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म बसवून घेता येते आणि ती लावलेल्या क्रीमपेक्षा जास्त भरवशाची असते, कारण ती पुसली जात नाही.

सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेला या सगळ्याची गरज नाही, असा समज फार पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. अतिशय काळ्या त्वचेच्या वरच्या थराचे नैसर्गिक संरक्षण सुमारे १३ एसपीएफइतके (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या डबीवर असतो तो संरक्षणाचा आकडा) मोजले गेले आहे, तर गोऱ्या त्वचेचे सुमारे ३. त्वचेचा कर्करोग सावळ्या लोकांत बराच कमी आढळतो आणि सुरकुत्याही उशिरा पडतात, हे खरे. परंतु सावळ्या त्वचेचे म्हातारपण सुरकुतीने सुरू होत नाही, ते रंगाने सुरू होते. गालांवर आणि कपाळावर वांग, कानशिलाकडे काळपट छटा, पुरळ बसल्यावर महिनोन्‌महिने न जाणारे डाग, एकाच चेहऱ्यावर दोन-तीन रंग. हे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की त्वचेला सावळेपणा देणारे रंगद्रव्य स्वतःही पूर्ण निरुपद्रवी नाही. अतिनील किरणांचा मारा थांबल्यानंतर, अंधारातसुद्धा, रंगद्रव्याच्या रेणूंत साठलेल्या ऊर्जेमुळे डीएनएमधला बिघाड तीन तासांहून अधिक काळ चालू राहतो.

आणि सावळ्या त्वचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी सनस्क्रीनच्या जाहिरातींत जवळजवळ कधीच येत नाही. वांग केवळ अतिनील किरणांनी गडद होत नाही. दृश्य प्रकाशातला निळा-जांभळा भागही सावळ्या त्वचेत गडद आणि टिकाऊ डाग उठवतो. साधे, लावल्यावर दिसेनासे होणारे सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते दृश्य प्रकाश थांबवू शकत नाही, इतके ते सरळ आहे. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन लागते. ‘इतकी वर्षे नेमाने लावते, तरी वांग हलत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघते. वांग असणाऱ्यांनी घटकांच्या यादीत लोह ऑक्साइड शोधावे, मग बाकीच्या आकड्यांकडे वळावे. (मोबाइल आणि संगणकाच्या पडद्याची भीती मात्र घालू नये. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत त्यातला निळा प्रकाश नगण्य असतो.)

आता एसपीएफच्या आकड्याविषयी. हा आकडा त्वचा लाल होण्यापासूनचे, म्हणजे मुख्यतः ‘बी’ किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. १५ एसपीएफ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवते. ९७ आणि ९८ यांत फरक तो किती, असे लिहिलेले वारंवार वाचायला मिळते. पण त्वचेला बाधते ते अडलेले नसून आत गेलेले असते. ३० मधून ३.३ टक्के जाते, ५० मधून २ टक्के. म्हणजे ३० मधून दीडपटीहून अधिक. रोज, वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्याला हा फरक लागतो. ‘३० एसपीएफ म्हणजे उन्हात ३० पट वेळ’ हा हिशेबही फसवा, कारण सकाळची दहा मिनिटे आणि दुपारची दहा मिनिटे यांतला मारा सारखा नसतो. १५ चे मॉइश्चरायझर आणि ३० चे सनस्क्रीन एकावर एक लावले तर ४५ होत नाही.

‘ए’ किरणांसाठी वेगळी खूण पाहावी लागते. जपानने १९९६ मध्ये ‘पीए’ ही श्रेणी आणली आणि २०१३ पासून तिच्यात चौथे अधिकचिन्ह आले. तीन चिन्हे म्हणजे ‘ए’ किरणांपासून ८ ते १६ पट संरक्षण, चार म्हणजे १६ पट किंवा त्याहून जास्त. युरोपात ‘ए’ किरणांपासूनचे संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश असावे असा दंडक आहे आणि तो पाळणाऱ्या उत्पादनावर वर्तुळातली ‘यूव्हीए’ ही अक्षरे असतात. यातले काहीच नसेल तर निदान ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द हवेत. ‘बी’ अडवणारे आणि ‘ए’ सोडणारे सनस्क्रीन एका अर्थी वाईटच: भाजण्याची खूण बंद होते, माणूस निर्धास्तपणे जास्त वेळ उन्हात थांबतो आणि आतल्या थरावरचा मारा वाढतो.

पण खरी फसगत मात्रेत होते. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या चौथाई ते निम्मेच लावतात, असे मोजणीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि मात्रा निम्मी झाली की संरक्षण निदान निम्म्यावर येते. डबीवरचे ५० मग चेहऱ्यावर २५ असते किंवा १२. रंगाचा पातळ हात दिलेल्या भिंतीतून जुना रंग दिसत राहतो, तसे.

पुरेशी मात्रा किती? चेहरा, कान आणि मान मिळून अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे जास्त, म्हणजे ३ मिलिलिटर. चमचा हाताशी नसेल तर तर्जनी आणि मधले बोट यांच्या तळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनच्या दोन भरीव रेघा ओढाव्यात. प्रत्येक हाताला तेवढेच. प्रत्येक पायाला, छाती-पोटाला आणि पाठीला प्रत्येकी एक चमचाभराहून थोडे जास्त, म्हणजे ६ मिलिलिटर. पूर्ण अंगाचे ३३ मिलिलिटर होतात. यावरून घरबसल्या तपासणी करता येते: ५० मिलिलिटरची ट्यूब फक्त चेहऱ्या-मानेला लावली तर सोळा-सतरा वेळाच पुरायला हवी. ती तीन महिने चालत असेल तर मात्रा कुठेतरी कमी पडते आहे. एकदम दोन बोटांचे क्रीम चेहऱ्यावर जिरत नाही, पांढरे फासल्यासारखे दिसते, म्हणून आधी एका बोटाचे लावावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग दुसऱ्या बोटाचे. दुसऱ्या थरात पहिल्या वेळी सुटलेल्या जागाही भरून निघतात. सुटतात त्या जागा ठरलेल्या असतात: कानांची पाळी आणि कानामागची बाजू, पापण्या, नाकाच्या बाजूच्या खाचा, केसांची कड, मानेची मागची बाजू, ओठ, आणि पंजांची मागची बाजू. ओठांना एसपीएफ असलेला बाम वेगळा लागतो.

क्रम असा: चेहरा धुणे, मॉइश्चरायझर, ते सुकू देणे, सनस्क्रीन, पंधरा-वीस मिनिटे थांबणे, मग हवे तर मेकअप. मॉइश्चरायझर ओले असताना वर सनस्क्रीन चोळले तर त्याचे रवे निघतात आणि थर फाटतो. सनस्क्रीन फाउंडेशनमध्ये किंवा मॉइश्चरायझरमध्ये कालवू नये, त्याने ते पातळ होते आणि सलग पापुद्रा बनत नाही. एसपीएफ लिहिलेल्या पावडरीवर किंवा फाउंडेशनवर विसंबणे व्यर्थ, कारण लेबलावरचा आकडा गाठायला जितके थापावे लागेल तितके कोणी थापत नाही. डास पळवणारे डीईईटीयुक्त मलम लावायचे असेल तर सनस्क्रीन आधी, मलम नंतर, आणि अशा वेळी एसपीएफ सुमारे एक तृतीयांशाने उतरते हे धरून चालावे. स्प्रे हवेत उडतो, श्वासात जातो आणि अंगावर ठिपक्यांनी पडतो. वापरायचाच तर हातावर घेऊन चोळून पसरावा, चेहऱ्यावर थेट मारू नये.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असे सांगितले जाते. ते बाहेर असणाऱ्यांसाठी आहे. घाम, तेल आणि रुमालाची घासणी यांनी थर तुटतो, म्हणून. खिडकीपासून दूर, घरात बसलेल्याला दुपारी बाहेर पडण्यापूर्वी एकदा लावणे पुरते. पाण्यात टिकणारे सनस्क्रीन ४० किंवा ८० मिनिटे टिकते, तसे लेबलावर असते. टॉवेलने अंग पुसले की तेही संपते.

खनिज सनस्क्रीन बरे की रासायनिक, असा वाद पुष्कळ चालतो. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड किरण परतवतात, हे शिकवले जात असले तरी तीही मुख्यतः किरण शोषूनच घेतात. झिंक ऑक्साइड ‘ए’ किरणांच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात काम करते, त्वचेला सहसा झोंबत नाही, म्हणून लहान मुले, गर्भवती आणि नाजूक त्वचेच्यांना ते बरे. त्याचा दोष पांढरेपणा. सावळ्या चेहऱ्यावर राखाडी छटा येते, मग माणूस कमी लावतो आणि सगळे फुकट जाते. रासायनिकांपैकी ॲव्होबेन्झोन ‘ए’ किरण चांगले अडवते, पण एकटे असेल तर उन्हातच विघटित होते. सोबत ऑक्टोक्रिलीनसारखा स्थिर ठेवणारा घटक लागतो. बेमोट्रिझिनॉल मुळातच स्थिर असते. ऑक्सिबेन्झोनसारखे काही घटक रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत दिसले. त्याचा अर्थ अधिक तपासणी हवी असा होतो, अपाय सिद्ध झाला असा नाही. ज्यांना शंका वाटते त्यांनी झिंककडे वळावे, लावणे सोडू नये. शेवटी जे पुरेशा मात्रेत, रोज, कंटाळा न करता लावले जाईल तेच चांगले सनस्क्रीन. डबी बंद गाडीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये. उष्णतेने त्यातले तेल-पाणी वेगळे होते. पाणी सुटलेले, वास बदललेले सनस्क्रीन टाकून द्यावे.

रोज लावल्याने खरोखर काय फरक पडतो याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात नांबूर इथे झालेल्या चाचणीत मिळाले. ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांच्या पंजाच्या मागच्या त्वचेचे साचे घेऊन साडेचार वर्षांच्या अंतराने तुलना केली गेली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या म्हातारपणाची वाढ, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी होती. त्यांच्या हाती आजची महागडी उत्पादने नव्हती, साधे १५ हून थोड्या वरच्या एसपीएफचे क्रीम होते. आणि ज्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या त्यांना एकंदरीत काही फायदा झाला नाही. ड जीवनसत्त्व कमी पडेल या भीतीने सनस्क्रीन टाळणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवे की नेहमीच्या वापराने रक्तातले ड जीवनसत्त्व लक्षणीय घटत असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसलेले नाही.

इतके सांगून झाल्यावरही, सनस्क्रीन ही शेवटची फळी आहे. तिच्या आधी कपडा आणि सावली. पांढऱ्या सुती टी-शर्टचे संरक्षण, एसपीएफसारख्याच कापडाच्या मापाने, साधारण ७ असते, भिजल्यावर ३ वर येते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल शिवलेला कपडा कितीतरी सरस. कापड दिव्यासमोर धरून पाहावे; भोके दिसली तर किरणही तिथूनच येणार. ताणून बसणारा कपडा वीण उघडतो. टोपीची कड चहूबाजूंनी निदान साडेसात सेंटिमीटर हवी, पुढे झाप असलेली टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. चश्म्यावर ‘यूव्ही ४००’ (४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे अतिनील किरण अडतात अशी खूण) असल्याची खात्री करावी. नुसती काळी काच वाईट, कारण काळोखामुळे बुबुळाची बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी मिळते. सावलीतही किरण आकाशातून विखरून येतात. सावलीत उभे राहून वर पाहिल्यावर जितके मोकळे आकाश दिसते तितके ते येतात. म्हणून दाट झाड आणि उघड्यावरची एकटी छत्री यांची सावली सारखी नाही. आकडा हाताशी नसेल तेव्हा स्वतःची सावली पाहावी: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि किरण तीव्र आहेत.

सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावू नये, त्याला सावली आणि कपडा हेच रक्षण. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे ॲमिओडॅरोन आणि दुखण्यावर चोळायचे किटोप्रोफेनचे मलम यांनी त्वचा उन्हाला नाजूक होते. ही औषधे आपल्या मनाने बंद करायची नाहीत, उन्हाची काळजी वाढवायची. आणि लिंबाचा रस चेहऱ्यावर लावण्याचा सल्ला कोणत्याही पुरवणीने छापू नये, ही कळकळीची विनंती. लिंबाच्या जातीच्या फळांतली सोरॅलेन वर्गातली द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले की आधी फोड आणि मग महिनोन्‌महिने टिकणारे काळे चट्टे उठतात. डाग घालवायला केलेला उपाय डाग देऊन जातो.

झालेले नुकसान थोडे भरून काढता येते. त्यात सर्वांत भक्कम पुरावा ट्रेटिनॉइन या अ जीवनसत्त्वाच्या वर्गातल्या मलमाचा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रात्री, पूर्ण सुकलेल्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे, सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री; त्वचा सोलू लागली तर अंतर वाढवायचे, मात्रा नाही. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच जळजळीला कंटाळून सोडतात. गर्भारपणात ते वापरायचे नाही. क जीवनसत्त्वाचे १० ते २० टक्क्यांचे सीरम सकाळी सनस्क्रीनखाली चालते. ते तपकिरी झाले की हवेने बिघडले, टाकून द्यावे. मात्र स्टिरॉइड मिसळलेली ‘उजळवणारी’ मिश्र मलमे चिठ्ठीविना आणि मुदतीविना लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात, केस उगवतात आणि मलम थांबवताच चेहरा पेटतो. उन्हाने जे वीस वर्षांत केले असते ते ही मलमे काही महिन्यांत करतात. चार आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा आकार, कड, रंग बदलणारा तीळ दिसला तर क्रीम बदलत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. सावळ्या लोकांत तळहात, तळपाय आणि नखाखालची काळी रेघही पाहावी. तिथला कर्करोग उन्हामुळे होत नाही, पण लक्ष न गेल्याने उशिरा सापडतो.

या सगळ्याची सुरुवात ‘आज किरण किती?’ या प्रश्नापासून होते आणि त्याचे उत्तर रोज तयार असते. १९९२ मध्ये कॅनडाने हा निर्देशांक पहिल्यांदा वापरात आणला, पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटनेने तो जगभरासाठी एकसारखा केला. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ आणि ७ जास्त, ८ ते १० अति जास्त, ११ आणि वर कमाल धोक्याचा. ३ पासून पुढे टोपी, कपडा आणि सनस्क्रीन लागते. ८ पासून पुढे भर दुपारी बाहेरचे काम शक्य तर टाळावे. त्याची एक मर्यादाही आहे: तो भाजण्याच्या हिशेबाने मोजला जातो, त्यामुळे त्यात ‘बी’ किरणांचे वजन जास्त असते, आणि काचेआडून येणाऱ्या ‘ए’ किरणांचा पुरता अंदाज त्यावरून येत नाही. तरी तापमानापेक्षा तो शतपटीने उपयोगी.

तेव्हा आपल्या चौकटीत तीन गोष्टी छापाव्यात. दिवसाचा कमाल निर्देशांक, निर्देशांक ३ किंवा त्याहून वर असण्याची वेळ, उदाहरणार्थ ‘सकाळी ८.३० ते दुपारी ४.३०’, आणि त्या पातळीला करायच्या गोष्टी सांगणारी एक ओळ. हिवाळ्यात आणि ढगाळ दिवसांतही ती चौकट काढू नये, कारण तेव्हाच लोक गाफील असतात. आणि आरोग्यविषयक पुरवणीत जिथे जिथे एसपीएफचा आकडा येईल तिथे त्याच वाक्यात ‘चेहरा आणि मानेला दोन बोटे’ एवढे शब्द संपादन करताना घालावेत. जागा ती काय लागणार?

आपला,
एक वाचक, त्वचारोगतज्ज्ञ